जार्लथच्या वतीने

किलकोरिन गावात कोल्मन डिव्हिलीचं दुकान होतं. पुढच्या अंगाला खिळे, बिजागऱ्या, रंगाचे डबे. मागच्या खोलीत त्यानं स्वतः केलेल्या शवपेट्या. गावातला प्रत्येक माणूस जन्मभर पुढच्या दारानं यायचा आणि शेवटी एकदा त्याचा मागच्या खोलीशी संबंध यायचाच, त्यामुळे कोल्मनशी वाकड्यात शिरायला कुणी धजत नसे. तसा माणूस सरळ होता. गिऱ्हाइकाला त्रास व्हावा इतका सरळ. "हा रंग आमच्या दाराला पावसात टिकेल का रे?" असं कुणी विचारलं, की तो शांतपणे म्हणायचा, "नाही." मग गिऱ्हाईक बसनं दुसऱ्या गावाला जाऊन तोच रंग घेऊन यायचं.

त्याला खोटं बोलता येत नव्हतं असं नाही. प्रयत्न तो करायचा. पण शब्द ओठांवर यायच्या आधी त्याचे दोन्ही कान तांबडेलाल व्हायचे, आणि मग बोलण्यात अर्थच उरत नसे.

असल्या माणसाचा जिवलग मित्र कोण असावा? तर जार्लथ कीव्हनी. लिलाव पुकारणारा. बैल, शेतं, घरं, मेलेल्या मावशीचं कपाट, काय वाटेल ते विकणारा. जार्लथनं तीन पायांची गाय उभी केली तर लोकांना चौथा पाय दिसायला लागतो, अशी त्याची पंचक्रोशीत ख्याती. उंचापुरा, मागे वळवलेले केस, आणि हसला की समोरच्याला आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटावं असे पांढरेशुभ्र दात. कोटावर मात्र दारू न पिण्याची शपथ घेतलेल्यांचा बिल्ला, आणि तो बिल्ला खरा होता. या एका बाबतीत जार्लथ कधी बाता मारत नसे.

दोघांची दोस्ती शाळेपासूनची. वर्गाची काच फुटली तेव्हा जार्लथनं मास्तरांना एका कावळ्याची अशी काही हकिगत सांगितली की मास्तर खिडकीपाशी जाऊन आभाळात बघायला लागले. मग त्यांनी सहज कोल्मनला विचारलं. कोल्मन म्हणाला, "आम्ही दोघांनी फोडली." दोघांनी छड्या खाल्ल्या. घरी जाताना कोल्मनला वाटलं, आता हा आपल्याला बदडणार. पण जार्लथ हातावर फुंकर मारत म्हणाला, "तू माझ्याजवळच राहा लेका. मी काय काय थापा मारल्या ते एकाला तरी लक्षात राहायला हवं ना!"

ते दोघं चाळिशीला आले तरी ही व्यवस्था चालू होती. गळक्या घराचा लिलाव असला की जार्लथ आदल्या दिवशीच निरोप धाडायचा, "उद्या तिकडे फिरकू नकोस, तुझ्या पाया पडतो."

त्या वर्षी गावच्या नाटकमंडळींनी एक जुनी कादंबरी रंगमंचावर आणायची ठरवली. शंभर वर्षांपूर्वीची, तीन खंडांची. ती गावात प्रत्येक घरी असायची आणि कुणीच पुरी वाचलेली नसायची. गोष्ट एका उधळ्या जमीनदाराची. तो घोड्यांपायी आणि प्रेमापायी सगळं घालवून परागंदा होतो, आणि सात समुद्र फिरून परत येतो. ती सांगतो त्याचा एक शाळासोबती. या सोबत्याला आख्ख्या कादंबरीत नावसुद्धा नाही. नाट्यरूपांतर केलं होतं शाळेच्या टूहीबाईंनी, आणि दिग्दर्शन त्यांच्याशिवाय दुसरं कोण करणार? जमीनदार जार्लथ, हे सांगायलाच नको. नायिका पोस्टातली डिंपना रुएन. तिच्यावर जार्लथचा जीव होता हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, फक्त तिला विचारायचं धाडस त्या बोलघेवड्या माणसाला होत नव्हतं. आणि कथा सांगणारा मित्र म्हणून बाईंनी बोट दाखवलं कोल्मनकडे.

"मी? बाई, मला अभिनय येत नाही."

"म्हणूनच तुला घेतला. या पुस्तकाचा कणा हा सांगणारा आहे, कोल्मन. तो एक शब्द खोटा बोलत नाही, आणि मित्राचा हात एकदाही सोडत नाही."

कोल्मननं ती कादंबरी खरोखरच वाचली, तिन्ही खंड. आणि पुढच्या तालमीला म्हणाला, "बाई, मला एक समजत नाही. मित्राबद्दल सगळं खरं खरं सांगून टाकलं, तर मग तो मित्र उरतो कसा?"

"ते तू रंगमंचावर शोध," बाई म्हणाल्या. "आणि खुर्ची जरा डावीकडे घे, मागचं झाड दिसत नाहीये."

जार्लथची संवाद पाठ करायची जागा म्हणजे कोल्मनची मागची खोली. हातात वही कोल्मनच्या, आणि जार्लथ ओळीनं मांडलेल्या शवपेट्यांसमोर उभा राहून गर्जना करणार. "बघ, किती शांतपणे ऐकतात!" असं म्हणणार. महिन्याभरात जार्लथला त्याची वाक्यं आली, पण कोल्मनला ती त्याच्याहून चोख आली.

नाटकमंडळींची स्पर्धा बॅलीव्हार्नाला होती, रविवारी दुपारी. मंडळी सकाळची प्रार्थना उरकून बसमध्ये बसली. मार्चचा वारा सुटलेला. टूहीबाईंच्या मांडीवर टोप्यांचं खोकं, मागच्या बाकावर ते रंगवलेलं झाड आडवं. सभागृहात पोचून सगळे कपडे चढवायला लागले आणि डिंपना पुरुषांच्या खोलीच्या दाराशी आली. निळा झगा, केसांत फिती.

"जार्लथ, घे. शकुनाची टॉफी. माझी आजी नाटकाच्या आधी सगळ्यांना द्यायची."

जार्लथनं ती टॉफी अशी घेतली जशी काही राणीनं जहागीर दिली. तिच्यासमोरच तोंडात टाकली, तिच्यासमोरच दाढेनं दाबली. डिंपना हसून गेली. जार्लथ मात्र जागचा हलला नाही. चेहरा पांढराफटक.

"काय झालं?" कोल्मननं विचारलं.

जार्लथनं दार लावून घेतलं, रुमाल तोंडाशी नेला आणि उघडून दाखवला. रुमालात टॉफी होती. टॉफीत रुतलेली त्याची वरची कवळी होती. बरोबर मधोमध दोन तुकडे.

ते पांढरेशुभ्र दात जार्लथचे नव्हते हे जगात दोघांनाच माहीत होतं: शहरातल्या एका दंतवैद्याला आणि कोल्मनला. तरुणपणी हर्लिंग हा काठ्या-चेंडूचा खेळ खेळताना कुणाची तरी काठी थेट तोंडावर बसली होती. नंतर गावाला सांगितलं होतं, फक्त ओठ फुटला म्हणून.

"थांग आता काय करू," जार्लथ म्हणाला. वरचे दात गेल्यावर त्याच्या तोंडून प्रत्येक 'स' नि 'श' 'थ' होऊन असा शिट्टी वाजवत बाहेर पडायला लागला, जसं काही किटलीला बोलायला शिकवलंय. "थगळं थंपलं रे!"

मिशा चिकटवायचा डिंक होता. तो लावून पाहिला. दात चिकटले, पण एकमेकांना नाही, कोल्मनच्या बोटाला. रविवारी दंतवैद्य कुठून मिळणार?

"बाईंना सांगू या," कोल्मन म्हणाला.

"कुणालाही नाही! थपथ घे. डिंपनाला तर मुळीच नाही. तिच्याच टॉफीनं... छे छे. तू बाईंना जाऊन थांग, माझा घथा बथलाय."

"घसा तर ठणठणीत आहे तुझा."

"कोल्मन!"

"मला जमणार नाही रे, माहीत आहे ना तुला. कान बघूनच त्या ओळखतील." कोल्मन एका खोक्यावर बसला आणि थोडा वेळ बोटाला चिकटलेला दात सोडवत राहिला. मग म्हणाला, "तुझं गुपित मी सांगणार नाही. ते नक्की. तू असं कर. नुसता उभा राहा. जिथे जायचं तिथे जा, जे करायचं ते कर. तोंड मिटून. बोलायचं मी बघतो."

पडदा वर गेला. कोल्मननं डावीकडच्या खुर्चीतून सुरुवातीचं निवेदन केलं, आणि जमीनदार घोड्यावरून उतरल्यासारखा ऐटीत आत आला. डिंपना धावत पुढे आली. "अखेर आलात! इतका उशीर का केलात?"

इथे जार्लथला पाऊण पान संवाद होता. जार्लथनं छाती फुगवली, आणि काहीच बोलला नाही.  विंगेत उभ्या टूहीबाईंनी पहिला शब्द पुटपुटला. मग जरा मोठ्यानं पुटपुटला. मग इतक्या मोठ्यानं की पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं तो त्यांच्या मागोमाग म्हटला.

कोल्मन खुर्चीतून उठला. "तो काही बोलला नाही," त्यानं लोकांना सांगितलं. "पण मी शेजारीच उभा होतो, आणि त्याच्या मनात काय होतं ते मला ठाऊक होतं. रस्त्यात घोड्याचा नाल निसटला, हे त्याला सांगायचं होतं. ते खरं नव्हतं. खरं म्हणजे तो तास न् तास फाटकाशी उभा होता, आत यायचा धीर होत नव्हता म्हणून."

हे बाईंनी लिहिलेलं नव्हतं. बाईंच्या नाटकात नालच निसटला होता. पण डिंपना हुशार पोरगी. तिनं क्षणभर कोल्मनकडे पाहिलं, क्षणभर जार्लथकडे, आणि जार्लथचा हात हातात घेऊन म्हणाली, "मला वाटलंच होतं."

मग गाडी चालू लागली. डिंपना विचारायची, जार्लथ डोळे वटारायचा, उसासे टाकायचा, टोपी कुस्करायचा, आणि कोल्मन सांगायचा. सावकाराच्या भूमिकेत गावचा खाटीक होता. त्याला मात्र काही केल्या उमगेना. तो आपली वाक्यं म्हणायचा आणि उत्तराची वाट बघत बसायचा. शेवटी वैतागून ओरडला, "अरे उत्तर दे की!"

"उत्तर त्यानं हातानं दिलं," कोल्मन म्हणाला. जार्लथनं ते दिलं. जरा जोरातच दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शेवटच्या प्रवेशात जमीनदार परत येतो आणि नायिका त्याला विचारते की आता तुझ्यापाशी काय उरलंय, मी कशावर विश्वास ठेवू? इथे दोन पानांचं भाषण होतं, समुद्र, वादळं, तारे वगैरे. कोल्मनला ते तोंडपाठ होतं. तो ते म्हणायला उभाही राहिला. पण समोर जार्लथ उभा होता, बोलण्यावर ज्याचं आयुष्य चालतं तो माणूस, ओठ घट्ट मिटून, घामाघूम. आणि कोल्मनला एकही तारा आठवेना.

"तो बढाया मारतो," कोल्मन म्हणाला. "तो सांगतो त्यातलं निम्मं सोडून द्यावं लागतं. हे मी त्याचा मित्र म्हणून सांगतो. पण माझे वडील वारले, तेव्हा मीच सुतार असून मला त्यांची पेटी करवेना. हात चालेनात. हा आला. यानं जन्मात रंधा धरला नव्हता. रात्र झाली, सकाळ झाली, हा रंधा मारत बसला. हाताला फोड आले. त्या दिवशी हा एक शब्द बोलला नव्हता. आजच्यासारखाच. मी एवढंच सांगू शकतो. याच्या शब्दांवर विश्वास ठेवू नका. याच्यावर ठेवा."

एवढं बोलून तो खाली बसला. कादंबरीतल्या जमीनदाराचा आणि रंध्याचा काय संबंध हे कुणीही विचारलं नाही. पहिल्या रांगेतला म्हातारा नाक शिंकरत होता. डिंपनानं पुढे होऊन जार्लथच्या छातीवर डोकं टेकलं, बाईंनी बसवलं होतं त्याहून बराच जास्त वेळ, आणि पडदा पाडणारा पाडायचं विसरला.

रंगमंचामागच्या खोलीत चहा आणि हॅमचे सँडविच मांडले होते. टूहीबाई आत आल्या त्या वादळासारख्या.

"प्यायलायस तू!" त्या जार्लथवर कडाडल्या. "तो बिल्ला काढ आधी!"

जार्लथ मान हलवून नाही नाही म्हणत राहिला. ओठ मिटलेलेच.

"बाई, तो थेंबही प्यायलेला नाही," कोल्मन म्हणाला.

बाईंनी त्याचे कान पाहिले. कान साधे होते. "मग काय झालं होतं त्याला?"

"मला माहीत आहे. पण मी सांगणार नाही."

"सांगणार नाहीस? माझं नाटक तुम्ही दोघांनी उकिरड्यावर टाकलंत, आणि तू सांगणार नाहीस?"

"नाही बाई."

"मग पुन्हा माझ्या तालमीला पाऊल टाकू नकोस. इतकी वर्षं मी समजत होते गावात एक तरी खरा माणूस आहे!"

हे कोल्मनला लागलं. सँडविच हातातच राहिलं. डिंपना त्याच्याजवळ आली, हळूच म्हणाली, "मला तरी सांग." त्यानं मान हलवली. "त्यालाच विचार." तिनं जार्लथकडे पाहिलं. जार्लथ भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता.

तेवढ्यात घंटा झाली आणि सगळे निकालासाठी सभागृहात गेले. परीक्षक होते डब्लिनहून आलेले आयलवर्ड नावाचे गृहस्थ. अशा स्पर्धांत परीक्षक सगळ्यांसमोर एकेका नाटकाची चिरफाड करतात, आणि त्यासाठी लोक नाटकापेक्षाही जास्त गर्दी करतात. आयलवर्डसाहेबांनी आधीच्या मंडळींची रीतसर सालं काढली. मग चष्मा पुसून म्हणाले, "किलकोरिन. ही कादंबरी मी अनेकदा वाचली आहे. तो गोष्ट सांगणारा मित्र मला नेहमीच सरळमार्गी आणि कंटाळवाणा वाटत आला. पण आज दिग्दर्शिकेनं काय केलं? नायकाची वाचाच काढून घेतली! बोलका तो मित्र आणि मुका तो नायक. केवढी धाडसी कल्पना! दिग्दर्शनाचा चषक मी या कल्पनेच्या धन्याला देणार आहे. मिसेस टूही, ही कल्पना आपल्याला कशी सुचली?"

टूहीबाई उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर आधी गोंधळ, मग हळूहळू एक नम्र हसू. अखेर बाईही माणूसच. "तसं म्हणजे," त्या म्हणाल्या, "बराच विचार करून..."

कोल्मन शेवटच्या रांगेत बसला होता. त्याला काही बोलायचंच नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. तरी त्याचे कान पेटले. दुसऱ्याचं खोटं ऐकूनही असं होतं हे त्याला त्या दिवशी कळलं. तो खाली फरशीकडे बघत बसला, आणि शेजारच्या खुर्चीत जार्लथ त्याच्या कानांकडे बघत बसला.

मग जार्लथ उठला. लिलावाला उठतो तसाच, एक हात वर करून.

"थाहेब!" सगळं सभागृह मागे वळलं. "थाहेब, थत्य थांगतो. कल्पना बाईंची नाही. कल्पना कुणाचीच नाही. माझी कवळी तुटली!" आणि त्यानं खिशातून रुमाल काढून दोन्ही तुकडे उंच धरले. "हा बोलला कारण मला बोलता येईना. आणि आत्ता गप्प बथला कारण मी त्याला थपथ घातली होती. थिव्या खाल्ल्या, पण बोलला नाही. थमजलं? आता ज्याला हथायचंय त्यानं हथा."

लोक हसले. छप्पर उडेल असे हसले. खाटीक तर खुर्चीवरून घसरला. जार्लथ तांबडालाल होऊन उभा राहिला, पण बसला नाही. हशा ओसरल्यावर त्याला डिंपनाचा आवाज ऐकू आला. ती डोळे पुसत होती.

"अरे खुळ्या, एवढंच होय? तुझी कवळी मला कधीपासून माहीत आहे."

"कथं काय?"

"महिनाभर तालमीत मी तुझ्या छातीवर डोकं ठेवतेय. तू 'प्रिये' म्हणालास की ती टक्‌ करून वाजते. मला वाटलं, माणूस स्वतःहून सांगेल कधीतरी."

"मग टॉफी का दिलीथ?"

"आजीची रीत आहे म्हणून! तू कडाकड चावशील असं मला काय माहीत? टॉफी चघळतात, जार्लथ."

आयलवर्डसाहेबांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाले, कल्पनेला धनीच नसेल तर चषक देता येत नाही, नियम म्हणजे नियम. तो त्यांनी दुसऱ्या गावच्या मंडळींना दिला. किलकोरिनचा तिसरा नंबर आला. पण निघताना ते मुद्दाम कोल्मनपाशी थांबले. "ती वडिलांच्या पेटीची गोष्ट. ती पुस्तकात कुठे आहे? मला आठवत नाही."

"पुस्तकात नाही, साहेब. आमच्याकडे घडलेली आहे."

"हं," साहेब म्हणाले. "आणि पेटी झाली कशी?"

"वाकडी," कोल्मन म्हणाला. "खूपच वाकडी."

टूहीबाई परतीच्या बसमध्ये पुढच्या बाकावर ताठ बसून होत्या. अर्धा रस्ता गेल्यावर त्या उठल्या, हेलकावे खात मागे आल्या आणि कोल्मनच्या शेजारी बसल्या. "मंगळवारी तालीम आहे," त्या म्हणाल्या. "ये." थोड्या वेळानं खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "चषक चांगला होता रे. चांदीचा होता."

"होता बाई," कोल्मन म्हणाला.

मागच्या बाकावर रंगवलेल्या झाडाला टेकून जार्लथ डिंपनाला हर्लिंगच्या त्या सामन्याची हकिगत सांगत होता, शिट्ट्या वाजवत. त्याच्या सांगण्यात काठ्या आता चार झाल्या होत्या. डिंपनानं मान वळवून पुढे हाक मारली, "कोल्मन, काठ्या किती होत्या रे?"

"एक," कोल्मन म्हणाला. "आणि ती त्याच्याच संघातल्या पोराची होती."

"लेका!" मागून आवाज आला.

ईस्टरनंतर गावच्या सभागृहात तेच नाटक पुन्हा झालं. बॅलीव्हार्नाची बातमी सगळीकडे पोचली होती, मुका जमीनदार बघायला आसपासच्या गावांतून लोक सायकली मारत आले. पण जार्लथला नवी कवळी मिळाली होती, आणि महिनाभराची वाक्यं पोटात साठली होती. त्यानं एकूण एक संवाद म्हटला, समुद्र, वादळं, तारे, आणि वर स्वतःच्या पदरचे दोन. नाटक लांबलंच लांबलं. मागच्या रांगा जांभया द्यायला लागल्या, कुणीतरी ओरडलं, "त्याचे दात काढा रे!" जार्लथनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. डिंपना त्याच्या छातीवर डोकं ठेवून हसत होती, आणि कोल्मन डावीकडच्या खुर्चीत पाय पसरून बसला होता. आज त्याला जार्लथच्या वतीनं काही बोलायचं काम नव्हतं. तो निवांत ऐकत होता.